शिंदखेड्याचा न उघडणारा चाकू

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी माझा मामा लष्करातून नशिराबादला परत आला. तिकडे तो मोटारी हाकायचा. त्याची हिरवी लोखंडी पेटी उघडली तेव्हा सगळं घर भोवती जमलं होतं; जळगावशेजारच्या मेहरूणहून आम्हीही गेलो होतो. आईला जाडजूड ब्लँकेट मिळालं, वडिलांना दाढीचा साबण, मावशीला खाकी कापडात शिवलेली पाण्याची बाटली. मामानं मला विचारलं, "तुला काय पाहिजे?" मी त्याच्या कमरेकडे बोट दाखवलं. तिथे एका मळक्या पांढऱ्या दोरीला मिटलेला चाकू लोंबत होता.

"पोरीच्या जातीला चाकू कशाला?" आई म्हणाली.

"आंबे कापेल," मामा म्हणाला, आणि दोरी सोडून त्यानं तो माझ्या हातावर ठेवला.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. तो चाकू हातात चांगला जड लागला. मुठीला काळ्या खरखरीत पट्ट्या होत्या, त्यांवर बारीक चौकड्या. एका अंगाला रुंद पातं, त्याच्या शेजारी डबा फोडायचं आकडेवजा पातं आणि मागच्या बाजूला बोटाएवढा लांब, टोकदार टोचा. पात्याच्या मुळाशी छोटा बाण कोरलेला होता. "हा बाण असला की माल सरकारचा," मामानं सांगितलं. मी पातं उघडलं, मिटलं. मिटताना "खट्ट" असा आवाज आला. तो मला इतका आवडला की मी दिवसभर तेच करत बसले आणि संध्याकाळी आईनं चाकू धान्याच्या कोठीवर ठेवून दिला.

दुसरा चाकू मी स्वतः मिळवला. जळगावात स्टेशनच्या बाजूला एक जण लष्कराचा जुना माल मांडून बसायचा: जेवणाचे डबे, पट्टे, बूट, फाटके तंबू. त्या ढिगात हात घालणारी मुलगी त्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी. "ताई, तुमचे भाऊ कुठेत?" असं तो दर वेळी विचारायचा. "मीच माझा भाऊ," मी म्हणायची. तिथे मला नुसत्या पांढऱ्या पोलादाचा, काळी मूठ नसलेला एक सापडला, मग लाकडी मुठीचा एक. बरेचसे गंजून बसलेले असत, म्हणून स्वस्त मिळत. घरी आणून मी ते घासलेटात भिजवायची, सुईनं सांध्यातली माती उकरायची, तिळाचं तेल सोडायची. मेहरूण तलावाच्या काठावर धुणं वाळत घातलं की शेजारच्या दगडावर माझं हे काम चाले. तोवर मी शाळेत शिकवू लागले होते. शाळेतल्या बायकांना मी सांगितलं नव्हतं, पण मेहरूणमध्ये बातमी पसरायला वेळ लागत नाही. "चाकूवाली बाई" हे नाव मला तिथूनच मिळालं.

माझी एकच जिवाभावाची मैत्रीण होती, शेजारच्याच घरातली. तिचं लग्न होऊन ती शिंदखेड्याला गेली आणि पहिल्या आखाजीला माहेरी आली. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ही सासुरवाशिणींची दिवाळीच. निंबाच्या झाडाला झोका बांधलेला, घरोघर आमरस आणि मांडे. झोक्यावर आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिलो आणि तिनं पहिल्याच हिंदोळ्याला मला सांगितलं, "माझ्या सासऱ्यांकडे तुझ्यासारखा चाकू आहे."

माझे पाय थांबले. झोकाही थांबला.

"लष्करातले आहेत ते," ती म्हणाली. "चोवीस तास कमरेला असतो. पण कुणाला हात लावू देत नाहीत. कांदासुद्धा त्यानं कापत नाहीत."

"तू मागून बघ ना."

"मी?" ती खो खो हसली. "मी त्यांच्यासमोर नाकापर्यंत पदर घेऊन उभी असते. वर्ष झालं, त्यांनी माझा आवाज ऐकलेला नाही. हसणं तर लांबच."

हे ऐकून मला जरा वाईट वाटलं. ती मेहरूणची सगळ्यात मोठ्यानं हसणारी मुलगी होती. तिचं हसू तलावाच्या पलीकडे ऐकू जायचं.

आखाजी संपली. तिला सासरी पोचवायला तिचा भाऊ जायचा होता, तर त्याला ऐन वेळी ताप भरला. मी लगेच मामाला गाठलं. "मामा, तू चल. मीही येते." मामा हसला. "मैत्रिणीला पोचवायला की चाकू बघायला?" "दोन्ही," मी म्हटलं. आई कुरकुरली, पण मामा बरोबर म्हटल्यावर तिनं शिदोरी बांधून दिली.

सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही तापीच्या बाजूच्या लाइनीनं निघालो. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं. मैत्रीण वाटभर बडबडत होती. शिंदखेडा जवळ आलं तसा तिचा आवाज खाली गेला, स्टेशनात गाडी शिरताना तिनं पदर नाकापर्यंत ओढून घेतला. बैलगाडी घेऊन तिचा दीर आला होता.

तिचे सासरे, म्हणजे आबा, ओसरीवर उभे होते. काठीसारखे सरळ, मिशा पांढऱ्या, धोतरावर खाकी सदरा. कमरेला दोरी आणि दोरीला तो. मी नमस्काराला वाकले तेव्हा माझी नजर पायांच्या आधी चाकूवर गेली आणि ती आबांनी बरोबर पकडली. मामानंही लपवलं नाही. म्हणाला, "आबा, ही माझी भाची. हिला लष्करातल्या चाकूंचं वेड आहे."

"चाकू दखाले इतली दूर उनी का व माय?" आबा म्हणाले. चाकू बघायला इतक्या लांब आलीस? त्यांना गंमत वाटली होती, पण हात मात्र चटकन कमरेवर गेला. "कमरना चाकू कमरलेच बरा."

मग ते आणि मामा बोलत बसले. कोण कुठल्या पलटणीत, कोण मिसरात होता, कोण ब्रह्मदेशात. चाकूचा विषय काढायला मला सापटच मिळेना. आत माझी मैत्रीण भाकरी थापत होती आणि दारातून मला डोळ्यांनी विचारत होती, दिला का? मी मान हलवत होते, नाही.

जेवणं झाल्यावर दिरानं नदीच्या वाळूतलं एक भलं मोठं टरबूज आणून मधोमध ठेवलं. मामा सहज म्हणाला, "आबा, काढा की चाकू."

"विळा आण रे," आबा मुलाला म्हणाले.

"विळा कशाला? कमरेला आहे ना."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. त्यांना सगळे अक्का म्हणत. "काय काढतीन ते! तो उघडत नही. हिरमा पडना व्हता, तवयपासून गंजी गया."

तो विहिरीत पडला होता म्हणे. तीन दिवसांनी गळ टाकून वर काढला, पुसून कमरेला बांधला, पण पुन्हा उघडलाच नाही. गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. आबांचा चेहरा पार उतरला. त्या क्षणी मला चाकू हवा आहे हे मी विसरूनच गेले.

"आबा, मी उघडून बघू?" मी विचारलं. "मोडणार नाही. मी घरी असे पुष्कळ उघडलेत."

त्यांनी मामाकडे पाहिलं. मामानं मान डोलावली. मग त्यांनी दोरीची गाठ सोडली. ती सोडायलाही त्यांना वेळ लागला, कारण ती वर्षानुवर्षं सुटलेलीच नव्हती.

मी ओसरीवर ठाण मांडलं. "घासलेट लागेल, वाटीभर. तिळाचं तेल, थोडं कोमट. एक सुई. आणि निंबाची काडी." ही यादी मी बोलले आणि माझ्या मैत्रिणीनं एकेक वस्तू आतून आणून दिली. पदर सावरत, खाली मान घालून, पण पाय मात्र धावत होते. चाकू वाटीत बुडवला. सांध्यातून लाल पाणी सुटू लागलं. दीर येऊन बसला, अक्का पीठ भरल्या हातांनी येऊन बसल्या, शेजारची माणसं "काय चालनं?" म्हणत कुंपणावरून डोकावू लागली. आबा मात्र बसेनात. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बाप फिरतो तसे ते अंगणात येरझारा घालत होते आणि दर फेरीला विचारत होते, "हालना का?"

"नाही अजून, आबा."

ऊन कलंडेपर्यंत हे चाललं. मी सुईनं माती काढायची, तेल सोडायची, काडीनं घासायची. जोर लावायचा नाही, एवढंच मला कळत होतं. आधी टोचा हलला, केसाएवढा. मी मागे घेतला, पुन्हा पुढे. मग डबा फोडायचं पातं सुटलं. मोठं पातं हट्टी होतं. मी त्याच्या नखाच्या खाचेत नख घातलं आणि माझं नख तुटलं. तेव्हा माझी मैत्रीण हलकेच पुढे सरली आणि तिच्या नथीची जुनी तार त्या खाचेत अडकवून तिनं वर ओढलं. मी मूठ धरून ठेवली. ती ओढतेय, मी धरतेय, आणि पातं असं करकरत, सुस्तावून जागं झाल्यासारखं वर आलं. मी ते मागे मिटलं. खट्ट!

"उघडना! उघडना!" आबा अंगणातून ओरडले आणि सगळ्यांना इकडे बोलावू लागले. "बठ्ठा आठे या रे!"

आणि माझी मैत्रीण हसली. मेहरूणला हसायची तशीच, पदर कधी घसरला तिचं तिला कळलं नाही. कुंपणावरची माणसं हसायला लागली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं घाईनं पदर ओढला. आबा तिच्याकडे बघत उभे राहिले.

"तुले हसता भी येस का व?" ते म्हणाले.

वर्षभरात सुनेशी बोललेलं ते त्यांचं पहिलं वाक्य. ती पदरातून म्हणाली, "हो, आबा." झालं. अक्का म्हणाल्या, "मग इतला दिन काय करत व्हती?"

आबांनी स्वतः टरबूज चिरलं. पहिली फोड मला दिली, दुसरी सुनेला. सगळ्या गल्लीला पुरलं. पात्याला घासलेटाचा वास होता आणि त्यामुळे टरबुजालाही, पण कुणी तक्रार केली नाही.

चाकू त्यांनी मला दिला नाही आणि मी मागितलाही नाही. तो आता पुन्हा त्यांच्या कामाचा झाला होता. आम्ही निघालो तेव्हा ते त्यानं निंबाचं दातवण कापत होते आणि ते कापून झाल्यावर विनाकारण दुसरं कापायला घेतलं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आबा जळगावला आले, थेट आमच्या दारात. खांद्यावरची पिशवी त्यांनी पाटावर उलटी केली. गंजलेले, मोडक्या मुठीचे, चिखलानं भरलेले चाकूच चाकू पडले. "दख, तुनासाठे बठ्ठा गाव हिंडी उनू." माझ्यासाठी ते गावभर हिंडले होते; बाजाराच्या दिवशी जो जुना सैनिक भेटेल त्याला त्यांनी विचारलं होतं. काहींना ते दुरुस्त करून हवे होते. काहींनी सांगितलं होतं, आमच्याकडे दोन आहेत, एक त्या पोरीला ठेवू द्या. मी महिनाभर दुसरं काही केलं नाही. आईनं हात टेकले आणि तेलाची वाटी मला कायमची देऊन टाकली. पुढे आबा वर्षातून एकदा तरी यायचे. बरोबर सुनेची खुशाली आणायचे. ती आता घरात मोठ्यानं हसते आणि त्यांच्याशी वादही घालते, हे ते तक्रारीच्या सुरात सांगायचे, पण खूश दिसायचे.

माझं लग्न धुळ्याला ठरलं तेव्हा बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा चाकूंनी भरला होता. आई म्हणाली, "हा इथंच ठेव. नवी सून चाकूंचा डबा घेऊन येते, लोक काय म्हणतील?" मी पेटीत पातळांच्या घड्यांखाली तो घातला. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी पातळं बघायला म्हणून पेटी उघडली आणि डबा उचलला तो जड लागला. त्यांना दागिने वाटले असावेत. झाकण काढून त्या बघतच राहिल्या.

"हे काय गं?"

मी विस्कटलेली पातळं गोळा करू लागले. मग म्हटलं, "जमवलेत, आई."

त्यांनी एक उचलला. पातं पाहिलं, मिटलं. डबा फोडायचं पातं पाहिलं. मग टोचा उघडला आणि अंगठ्यानं टोक चाचपलं. "थांब," म्हणाल्या, आणि चाकू घेऊन अंगणात गेल्या. तिथे एक खाट होती. सुंभ सैल होऊन तिची झोळी झाली होती. ते आवळायचं म्हणजे जुन्या गाठी सोडाव्या लागतात आणि त्या बोटांनी सुटत नाहीत. सासूबाईंनी टोचा गाठीत घातला, एक हिसडा दिला, गाठ सुटली. दुसरी. तिसरी. त्या गुणगुणायला लागल्या. मी पायाशी बसून सुंभ ओढून धरत गेले आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत खाट ढोलकीसारखी ताठ झाली.

सासूबाई तिच्यावर बसल्या, दोनदा उसळल्या, मग सासऱ्यांना हाक मारली, "अहो, या, बसून बघा!" ते बसले. नणंद बसली. माझा नवरा कचेरीतून आला, त्यालाही बसवलं. मी उभी होते, तर सासूबाईंनी सरकून जागा केली आणि चाकू आपल्या कमरेला खोचत म्हणाल्या, "हा माझा. बाकीचे तुझे."