‘ते’ म्हणजे कोण गं?

आमच्या चर्चमध्ये उपासना सुटली की कुणी लगेच गाडीला किक मारत नाही. दाराबाहेर रांग लागते. प्रत्येक जण प्रत्येकाचा हात हातात घेतो आणि म्हणतो, “सलाम.” पाळकसाहेबांना तसाच, चार वर्षांच्या पोरीलाही तसाच. छावणीपासून पैठणकडच्या खेड्यापर्यंत आमची माणसं भेटली की हाच शब्द. निजामाच्या मुलखात वाढलेल्या पणजोबांनी तो घेतला, आणि आमच्यापर्यंत आला. त्याचा अर्थ शांती, एवढं संडेस्कूलच्या पोरालाही ठाऊक असतं.

मग एक प्रचारक आला. कुठल्या मंडळीचा, कुणी पाठवला, कुणाला पत्ता नाही. वीस माणसांच्या हॉलमध्येसुद्धा माईकवर बोलायचा. शुक्रवारी दुपारी माझ्या मावशीच्या घरी तो प्रार्थनासभा घ्यायला लागला. आधी आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाल्या. त्याला कोण नाही म्हणणार? महिनाभरानं त्यानं पुडी सोडली. सलाम हा परक्या धर्माचा शब्द आहे, तो तोंडात असेल तोवर आशीर्वाद उंबऱ्यावरूनच परत जातो, खऱ्या विश्वासणाऱ्यानं ‘प्रेज द लॉर्ड’ म्हणावं.

प्रेज द लॉर्ड म्हणायला माझी काही हरकत नाही. देवाची स्तुती कुणी कुठल्याही भाषेत करावी. पण दुसऱ्याचा सलाम अपवित्र ठरवायचा? या शहरात शब्दांवरून आणि पाट्यांवरून भांडणं काय कमी होती, की एक चर्चच्या दारातही आणून ठेवावं?

पुढच्या रविवारी दारात दोन रांगा झाल्या. आमचे म्हातारे मास्तर नेहमी पहिले उभे असतात. त्यांनी हात पुढं केला. मावशीनं आपले हात पदराखाली घेतले आणि “प्रेज द लॉर्ड” म्हणून पुढं गेली. मास्तरांचा हात तसाच राहिला. ते कानानं जरा अधू आहेत. मला म्हणाले, “काय म्हणाली ती? बरं नाय का तिला?”

त्याच आठवड्यात प्रचारकानं जाहीर केलं की ईस्टरला मावशीच्या हॉलमध्ये वेगळी उपासना होईल आणि प्रभुभोजनही वेगळं. दहा-बारा घरं तयार होती. मला वाढवलं ते या मावशीनं. महिला मंडळ तिच्या शब्दावर चालतं. ती गेली असती तर मंडळीची सरळ दोन शकलं झाली असती. एका भाकरीतून खाणारी माणसं एकाच गल्लीत दोन भाकरी मोडत बसली असती.

मी मला येतं ते केलं. पत्रक काढलं. नळाच्या पाण्यासाठी, बसथांब्यासाठी मी पत्रकं काढत आलेय. मथळा कसा ठोकायचा ते मला कळतं. वर ‘फुटीरांपासून सावध!’ आणि खाली ठळक अक्षरांत ‘ते आपल्यातले नाहीत.’ रविवारी दारात उभं राहून वाटलं. मावशीनंही एक घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि संध्याकाळी घरी आली.

“हे तू लिहिलंस?”

“व्हय.”

“शुद्धलेखन चांगलं हाय. ‘ते आपल्यातले नाहीत.’ ते म्हणजे कोण गं?”

“तो प्रचारक.”

“तो तर एकटाच हाय. मग ‘ते’ मानानं लिहिलंस का? अहोजाहो केलंस त्याला?”

मी नकारार्थी मान हलवली.

“नाय ना? मग ते म्हणजे मीच. तुझा शेंबूड पुसला ती मी तुझ्यातली नाय.”

पाणी न पिता निघून गेली. माझी चूक तिनं एका सर्वनामात पकडली होती. फूट पाडणारा एक होता. मी छापून त्याला दहा-बारा घरं बहाल केली होती. वाटलेली पत्रकं मी घरोघर जाऊन परत मागून आणली. माफी दार उघडलं त्या घरांची मागितली. प्रचारकाची नाही.

त्याला गाठायला मी शुक्रवारी सभेत जाऊन बसले. बोलायला मुभा दिल्यावर उठले आणि मावशीच्याच शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, प्रेषिताच्या एका पत्राचा शेवटचा अध्याय काढला. याला सलाम सांगा, त्या घरातल्या मंडळीला सलाम सांगा, अशी नावांमागून नावं. आणि त्याच पानावर, तुमच्यात फुटी पाडतात त्यांच्यावर नजर ठेवा, असं बजावलेलं. मी विचारलं, “हे पान फाडायचं का ठेवायचं?”

“सिस्टर,” तो माईकमधून हसला, “हे जुनं भाषांतर आहे. तेव्हाचे तुमचे लोक अडाणी होते. त्यांना जे बोलता येत होतं ते छापलं.”

मावशी भिंतीला टेकून बसली होती, ती सरळ झाली.

“अडाणी कोण?”

“तसं नाही, आई…”

“माझा आज्जा अडाणी होता, खरंय. गावात पाटील दिसला की लांब उभं राहून, कमरेत वाकून जोहार घालायचा. हात कुणी हातात घेत नव्हतं त्याचा. चर्चच्या दारात पहिल्यांदा कुणी त्याचा हात धरला अन् सलाम म्हणलं, तवा घरी येऊन रडला म्हणे. आता सलाम सोडून काय म्हणू, जोहार?”

तो म्हणाला, “आपण यासाठी प्रार्थना करू.”

“करा. तुमच्या घरी करा. माईकची वायर सोडवून घ्या, आमचं बटण ढिलं हाय.”

ईस्टरला प्रभुभोजनाचं मेज एकच लागलं. दोन घरं तेवढी आली नाहीत. चर्चच्या पंचकमिटीला जोर चढला. दारात फक्त सलामच म्हणावं अशी सूचना लावायची ठरली आणि ती लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी साफ नकार दिला. एका शब्दाची बंदी मोडून काढायची आणि लगेच दुसऱ्याची घालायची? मग त्या प्रचारकाला हाकललं कशाला, पगारावर ठेवायचा होता. कमिटीतले एक काका चिडले, “लई शहाणी झालीस.” मी म्हटलं, “झाले, काका. मावशीनं केली.” सूचना लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या दोन घरी गेले, रिकाम्या हातानं. पहिल्या घरच्या ताई “प्रेज द लॉर्ड” म्हणाल्या, मीही म्हटलं, आणि आम्ही त्यांच्या लेकीच्या बारावीवर तासभर बोललो. दुसऱ्या घरी जाळीचं दार लावलेलंच होतं. आतून बाई म्हणाल्या, “पत्रक द्यायला आलीस का?”

“नाही. तुम्ही रविवारी दिसला नाहीत म्हणून.”

“तूच लिहिलंस ना, आम्ही तुमच्यातले नाय?”

“लिहिलं. चुकले.”

दार उघडलं नाही. मीही हलले नाही. एप्रिलचं ऊन डोक्यावर होतं. बऱ्याच वेळानं कडी वाजली.

“ये आत. चक्कर येऊन पडलीस तर मावशी आमचं नाव घेईल.”