स्नो-स्कूटर का बंद पडली

निवृत्तीनंतरची माझी सध्याची पोस्टिंग जर्मनीतलं बोब्लिंगेन. बायको गेल्यावर मुलीने, सायलीने, मला इकडे आणलं. ती आणि तिचा नवरा माथियास दोघंही मोटारींच्या कंपनीत आहेत. नात मीरा शाळेत जाते. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि आमचं बरं चाललं आहे. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा, हे मला अजून समजलेलं नाही. सैन्यातून मी सुभेदार म्हणून बाहेर पडलो, पण इथे ते काम माझ्याकडून काढून घेण्यात आलं आहे.

आमच्या गॅरेजमध्ये एक जुनी स्नो-स्कूटर आहे. इथे तिला मोटरश्लिटेन म्हणतात. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, टू-स्ट्रोक इंजिन. ती माथियासची नाही, त्याच्या स्की क्लबची. आल्बच्या डोंगरात बर्फ पडला की क्लबचे लोक तिच्यामागे अवजार जोडून स्कीसाठी वाट पाडतात. एरवी ती आमच्याकडे असते आणि दुरुस्ती माथियास करतो.

"बाबा, आर्मीत तुम्ही हीच चालवायचात ना?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"चालवायचो नाही. दुरुस्त करायचो."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून त्याने पाना माझ्या हातात दिला.

मी कामाला लागलो. प्लग काढून साफ केले. ड्राइव्ह बेल्टच्या कडा फाटल्या होत्या, नवा घातला. जुनं पेट्रोल काढलं, फिल्टर बदलला, कार्बोरेटर धुतला, पट्ट्याचा ताण पाहिला, ग्रीस भरलं. मागचा भाग स्टँडवर उचलून दोरी ओढली. लगेच सुरू झाली. शेजारच्या बाई खिडकीत आल्या. रविवारी इथे आवाज चालतच नाही, शनिवारी चालतो पण बेतानेच. म्हणून आम्ही इंजिन थोडंसं फिरवायचो आणि बंद करायचो.

"ठीक आहे की," मी म्हणालो.

"इथे ठीकच असते. वर बर्फात गेली की बंद पडते. काही वेळाने परत सुरू होते. क्लबच्या दोन मेकॅनिकनी बघितली. कुणालाच कळत नाही."

माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं. जवळजवळ हेच शब्द मी पूर्वी एकदा बोललो होतो. सैन्याच्या चौकशीत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीसमोर, हिंदीत.

तेव्हा मी हवालदार होतो, व्हेइकल मेकॅनिक. पोस्टिंग ग्लेशियरवर. आमच्या कॅम्पकडे स्नो-स्कूटर होत्या आणि त्यांचा ड्रायव्हर होता नाईक सदाशिव गुरव, आजऱ्याकडचा. रोजचं काम ठरलेलं. सकाळी प्लग स्टोव्हजवळ गरम करायचे, स्कीखाली गोठलेला बर्फ फोडायचा, इंजिन सुरू करायचं आणि वरच्या पोस्टला रॉकेल आणि रेशन पोचवायचं.

एका सकाळी वरच्या पोस्टवर सिपाही बलदेव आजारी पडला. उंचीमुळे फुफ्फुसात पाणी झालं होतं. हवा खराब, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. गुरव आणि मी स्कूटर घेऊन वर गेलो. बलदेवला स्लेजवर बांधलं, ऑक्सिजन लावला, स्लेज स्कूटरला जोडली आणि उतरायला लागलो. वाटेवर बांबूंना झेंडे लावलेले होते. एका झेंड्यापासून पुढचा झेंडा दिसायचा. झेंडे सोडून बाजूला गेलं की बर्फाखाली भेगा होत्या.

निम्म्या वाटेत व्हाइटआउट झालं. ज्याने ते पाहिलं नाही त्याला सांगणं कठीण आहे. अंधार नसतो. सगळं पांढरं असतं. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. आपण थांबलो आहोत की चालतो आहोत, तेही कळत नाही. त्यातच इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

मी प्लग पाहिला. स्पार्क होता. दोरी ओढली. काही नाही.

"उस्ताद, तुम्ही मशीन बघा," गुरव म्हणाला. "मी पुढचा झेंडा शोधतो."

दोराचं एक टोक त्याने स्कूटरला बांधलं, दुसरं कमरेच्या हुकाला अडकवलं आणि तो पांढऱ्यात गेला. चार पावलांत दिसेनासा झाला. मी वायरलेस सेट उचलला.

"गोल्फ वन फॉर बेस. मशीन डाऊन. व्हाइटआउट. ओव्हर."

"पेशंट की हालत? ओव्हर."

"खराब. ओव्हर."

पुढून गुरवचा आवाज आला. "झेंडा दिसला! दोर पुरत नाही!"

"मागे ये!" मी ओरडलो. "मागे ये!"

टाकीत पेट्रोल कमी असेल म्हणून मी झाकण उघडून कॅनमधलं पेट्रोल ओतलं. दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. मघाशी मेलेलं इंजिन एकदम ठणठणीत. त्या आवाजात मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मी गुरवचा दोर ओढला. तो हलका लागला. टोकाला हुक होता, मोकळा. तुटलेला नव्हता, हाताने सोडलेला होता.

मी हाका मारल्या. दोराच्या टप्प्यात सगळीकडे फिरलो. बेसला कळवलं.

"पेशंट को लेकर नीचे आओ. गुरव के लिए पार्टी निकल रही है. मूव्ह. ओव्हर."

पांढरं जरा विरळ झालं तेव्हा झेंडा दिसला. त्याच्याजवळ कुणी नव्हतं. मी बलदेवला घेऊन खाली आलो. तो वाचला. गुरव हवा उघडल्यावर सापडला. झेंड्याच्या डाव्या अंगाच्या भेगेत.

स्कूटर शेडमध्ये तपासली गेली. थोडा वेळ चालवून पाहिली. नो डिफेक्ट. चौकशीत माझी चूक निघाली नाही. मलाही सापडली नाही. पण धडधाकट मशीन बंद का पडलं, आणि बंद पडलं तर सुरू का झालं?

यंदा जानेवारीत आल्बवर बर्फ पडला. माथियासबरोबर मीही गेलो. दिवसाची वेळ होती, बाजूला झाडं होती, लांबून मुलांचा गलका येत होता. बऱ्याच अंतरावर गेल्यावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. तोच खोकला. मी स्कूटरची कड घट्ट धरली.

"पेट्रोल बघतो," माथियास म्हणाला आणि त्याने टाकीचं झाकण फिरवलं. स्स्स असा आवाज झाला. हवा आत शिरल्याचा. त्याने दोरी ओढली. इंजिन सुरू झालं.

"झाकण घट्ट लाव," मी म्हणालो. "परत चालव."

पुन्हा बंद पडली. झाकण उघडलं, पुन्हा तोच आवाज, पुन्हा सुरू.

घरी येऊन मी टाकीची हवेची नळी काढली. पेट्रोल जसं खर्च होतं तशी टाकीत या नळीतून हवा जावी लागते. नाही गेली तर बराच वेळ चालल्यावर टाकी पेट्रोल सोडत नाही. नळीच्या तोंडात कुठल्याशा किड्याने मातीचं घर केलं होतं. तारेने काढलं. पुढच्या खेपेला स्कूटर एकदाही न थांबता सगळी वाट फिरून आली. माथियासने मला मिठी मारली.

मला काय वाटायला हवं होतं ते समजेना. ग्लेशियरवर किडे नसतात. पण बर्फ असतो. नळी गोठली असेल. झाकण मी उघडलं होतं, वाऱ्यात आवाज ऐकू आला नसेल. सगळं जुळतं. पण जुळतं म्हणजे तसंच झालं का? ती स्कूटर केव्हाच भंगारात गेली. विचारायला मशीनही नाही आणि माणूसही नाही.

"बाबा, दुपारपासून गप्प का आहात?" सायलीने विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. ती माथियासला जर्मनमध्ये सांगत गेली. मोकळ्या हुकापाशी आल्यावर ती थांबली.

"उंड डेअर मान?" मीराने विचारलं. आणि तो माणूस? एवढं जर्मन मला कळतं.

दुसऱ्या दिवशी मी गुरवच्या बायकोला, शालनवहिनींना, फोन लावला. एरवी आम्ही दिवाळीला बोलतो.

"वहिनी, ते मशीन का बंद पडलं ते बहुतेक कळलंय."

"बहुतेक म्हंजे?"

"म्हणजे नक्की नाही."

"मग ऱ्हाऊ द्या, भाऊजी. त्यो बलदेव येऊन गेलावता मागं. स्लेजवर पडून समदं ऐकत हुता म्हणं. तुमी आरडत हुता, मागं ये, मागं ये."

बलदेव त्यांच्या घरी गेला होता, हे मला माहीत नव्हतं.

"गुरवला ऐकू गेलं की नाही, तेच मला कळत नाही वहिनी."

"गेलं आसंल की. पर त्यांनी कुणाचं ऐकलंय कवा?"

त्या हसल्या, मग नाक ओढल्याचा आवाज आला. मीही फोन कानापासून जरा लांब धरला.

नाईक सदाशिव गुरव. स्कूटर चालवताना शिट्टी वाजवायचा आणि सूर कधी लागायचा नाही. कंडेन्स्ड मिल्कचा डबा बोटाने पुसून खायचा. त्या दिवशी वरच्या पोस्टवर माणूस आजारी आहे असा मेसेज आला, तेव्हा कोण जाणार हे मी अजून ठरवत होतो. बाहेर आलो तर तो हातमोजे चढवून स्कूटरजवळ उभा होता.