डाव्या पिळाचा डीएनए

चूक कोण करत नाही हो? पण सात फूट उंच, लोखंडी, ऑइल पेंट दिलेली आणि झेंडूच्या माळा घालून कॉलेजच्या दारात उभी केलेली चूक तुमच्यापैकी कुणी केलीय? मी केलीय!

पलूसजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन ठरलं, तेव्हा प्राचार्यांपुढे मीच मिरवत म्हणाले, "सर, दारात डीएनएची प्रतिकृती उभी करू!"

काम अंगावर घेतलं तानाजीअण्णांनी. फौजेतून रिटायर झाल्यापासून ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. त्यांची मुलगी आमच्याच कॉलेजात शिकून नर्स झाली, म्हणून म्हणाले, "ही आमच्याकडनं भेट समजा."

मी कागदावर काढून दाखवलं. पीळ दिलेली शिडी. बाजूच्या दोन पट्ट्या साखर आणि फॉस्फेटच्या.

"साकर? आपल्या उसाची?"

"नाही हो अण्णा, ही वेगळी. डीऑक्सिरायबोज."

"मग ऱ्हाऊ द्या," अण्णांचा त्या साखरेतला रस तिथंच संपला.

मधल्या पायऱ्या म्हणजे अक्षरांच्या जोड्या. ए समोर टीच, जी समोर सीच. ए-टीमध्ये दोन सळ्या, जी-सीमध्ये तीन, कारण हायड्रोजन बंध तितकेच असतात. माझा सगळा जीव त्या दोन आणि तीनमध्ये! तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "मॅडम, पीळ कंच्या अंगानं देऊ? उजव्या का डाव्या?"

आता काय सांगू तुम्हाला! एम.एस्सी. झालेली बाई मी. हात झटकून म्हणाले, "कसाही द्या हो. पीळ तो पीळ!"

उद्घाटनाच्या सकाळी मॉडेल उभं राहिलं. काय दिसत होतं! मी फोटो काढतेय, तर भौतिकशास्त्राचे कदम सर एक स्क्रू घेऊन शेजारी उभे.

"मॅडम, डीएनएचा पीळ स्क्रूसारखा उजवा असतो ना?"

"असतो की."

"मग हा डावा आहे."

मी मोबाइल खाली घेतला. उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्या साध्यासुध्या नव्हत्या. पुण्याच्या शास्त्रज्ञ, अख्खं आयुष्य डीएनएवर घालवलेल्या. आणि त्यांची गाडी कऱ्हाड सोडून पुढे आलेली!

"उलटं करा!" मी ओरडले. "डोक्यावर उभं केलं की पीळ उजवा होईल!"

अण्णांसकट चार माणसांनी ते धूड उचललं, फिरवलं, टेकवलं. कदम सरांनी स्क्रू धरला. डावाच! शिवाय आता सगळी अक्षरं शीर्षासनात.

"परत फिरवा," मी बारीक आवाजात म्हणाले.

अण्णांनी घाम पुसला. "आवं मॅडम, बोल्ट उलटा धरल्यावर आटं बदलत्यात व्हय?"

अक्षरं सुलटी झाली आणि फाटकात हॉर्न वाजला. मी पदर पसरून मॉडेलच्या पुढे उभी. सात फुटांपुढे पाच फूट! पाहुण्या उतरल्या, मला हलकेच बाजूला करून मॉडेलभोवती एक चक्कर मारली आणि थांबल्या.

"डावा पीळ? झेड-डीएनए दाखवायचाय का तुम्हाला?"

झेड-डीएनए! डाव्या पिळाचाही एक प्रकार असतो म्हणजे! सुटकेचा दरवाजा सताड उघडा. नुसतं "हो" म्हणायचं होतं. पण तेवढ्यात प्राचार्यांनी अण्णांकडे डोळे वटारले आणि अण्णा टोपी काढून म्हणाले, "माजीच चूक झाली, साएब. मी नीट इच्यारलं न्हाई."

मला राहवेना. "नाही, त्यांनी विचारलं होतं! मीच म्हणाले, पीळ तो पीळ. आणि झेड-डीएनएचं मी नावच काय ते ऐकलंय."

पाहुण्या खळखळून हसल्या. "बरं झालं बोललात! त्याचा आकार अगदी वेगळा असतो. 'हो' म्हणाला असतात, तर माझा पुढचा प्रश्न तयार होता. अहो, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरसुद्धा असे डावे पीळ छापलेले असतात. मोडू नका हे. खाली पाटी लावा, 'यातली चूक शोधा'. मुलं कधी विसरणार नाहीत."

छातीवरचा दगड असा उतरला म्हणून सांगू! अण्णांनी टोपी पुन्हा चढवली, प्राचार्य हसले, मी तर चहाबरोबर चार भजी जास्त खाल्ली.

आठवड्यात पाटी लागली. दुसऱ्याच दिवशी अकरावीतली एक मुलगी वर्गात उठली.

"मॅडम, चूक सापडली!"

"शाब्बास! सांग सगळ्यांना."

"पाचव्या पायरीवर ए समोर टी नाही, यू लिहिलाय. यू म्हणजे युरॅसिल, तो तर आरएनएमध्ये असतो ना?"

मी धावत खाली गेले. यू! लालभडक, ठसठशीत यू!

आणि अक्षरं अण्णांनी लिहिली नव्हती. "तुम्हाला नाही जमायचं," म्हणत ब्रश मीच ओढून घेतला होता.

वर्गात परत आले. सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघतायत. म्हटलं, "बरोबर आहे. आता दुसरी चूक शोधा."