माघारीचा हुकूम

काबूलच्या विमानतळावर माणसं विमानामागे धावत होती, त्या दुपारी नानांनी आमच्या शिंदखेड्याच्या घरात माझ्या वडिलांचं डोकं फोडलं.

वडिलांना मी आबा म्हणते. आबा आणि पाचोऱ्याचे नाना तरुणपणी एकाच पलटणीत होते, एकत्रच श्रीलंकेत गेले. शांतता राखायला गेलेली फौज तिथे बंडखोरांशी लढत अडकली. आबा एरवी त्याबद्दल बोलत नसत. नाना आले की मात्र दोघं तेच उगाळत बसायचे. चौकी कुठे हवी होती, रस्ता राखायचा की गाव, फौज कधी काढायला हवी होती. आबा म्हणत, परक्या मुलखात दिवसा रस्ता आपला, अंधार पडला की त्यांचा. तिथून लवकर निघावं. नाना म्हणत, अर्ध्यावर सोडायचं होतं तर पोरं मरायला नेली कशाला?

त्या दुपारी टीव्हीवर अमेरिकी फौज काबूल सोडून निघताना दिसली आणि तेच पुन्हा सुरू झालं.

"पळाले," नाना म्हणाले. "ज्यांनी यांना वाटा दाखवल्या, त्यांना कापायला ठेवून पळाले."

"निघताना कुणीतरी मागे राहतंच," आबा म्हणाले.

नाना उठले, शेजारचं लाकडी स्टूल उचललं आणि आबांच्या कपाळावर हाणलं. भुवई फाटली. आबा खुर्चीसकट मागे कोसळले. डोळ्यात रक्त उतरत असतानाच ते उठले आणि त्यांनी नानांचा गळा आवळला. साठीची दोन माणसं भिंतीवर आदळत होती. टीव्ही खाली येऊन फुटला. मी नानांना कमरेला धरून ओढू लागले, तर त्यांचं कोपर माझ्या तोंडावर बसलं.

"तो जित्ता व्हता!" नाना ओरडले. "तू त्याले सोडीसन उना!"

"काय करतू मी? बठ्ठा मरी जातात तठे!"

सगळेच मेले असते, हे बोलताना आबांचे हात सुटले. नाना फुटलेल्या काचांतच खाली बसले आणि धापा टाकत मला सांगू लागले. आबा तिथे एका छोट्या तुकडीचे प्रमुख होते. ताडाच्या बनात संध्याकाळी सुरुंग फुटला, पाठोपाठ दोन्ही बाजूंनी गोळ्या सुरू झाल्या. एका जवानाचे दोन्ही पाय गेले. तो उघड्यावर पडून हाका मारत होता. नाना त्याच्याकडे सरपटत निघाले, तेव्हा आबांनी त्यांना पट्ट्याला धरून मागे खेचलं, तोंडावर बुक्का मारला आणि माघारीचा हुकूम दिला. सकाळी तुकडी परत गेली. त्याला झाडाला बांधून जाळलं होतं.

"मना कानमा अजून त्याना आवाज शे," नाना म्हणाले.

आबा सदऱ्याची बाही कपाळावर दाबून उभे होते.

दवाखान्यापर्यंत गाडी मी चालवली. मागच्या सीटवर नाना आबांच्या जखमेवर टॉवेल दाबून बसले होते. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? आबा म्हणाले, "पडलो." नाना म्हणाले, "मी मारलं." डॉक्टरांनी माझ्या फुटलेल्या ओठाकडे पाहिलं आणि पुढचा टाका घातला.

नंतर नाना आलेच नाहीत, फोनही उचलेनात. दिवाळीनंतर आबा म्हणाले, मला पाचोऱ्याला ने. नानांनी दार उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत. आबा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"हुकूम बरोबरच होता," आबा म्हणाले. "आजही तोच देईन. पण तू जात होतास, तेही बरोबर होतं. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं."

नाना आबांच्या भुवईवरचा व्रण बघत राहिले. मग मला म्हणाले, "माय, तू आत ये. याला मी नंतर बघतो."

मी आत जाऊन बसले. बाहेर ओट्यावर दोघांचा वाद पुन्हा पेटला होता. या वेळी मी उठून स्टुलं आत आणून ठेवली.