सहा टोप आणि माझं माप

मातीसुद्धा माणसाला फसवते, हे मला पंचावन्नाव्या वर्षी माझ्या सख्ख्या साळीने शिकवलं.

हातगाडीवर कुलपं विकत विकत मी हिंगणघाटात हार्डवेअरचं दुकान उभं केलं. मला आजवर कोणी फसवलेलं नाही. (फसवलं असेल, तर मला कळलेलं नाही. तो भाग वेगळा.) लेकीचं लग्न जमलं, तेव्हा होणारे व्याही आमच्या नव्या हॉलमध्ये बसले आणि वर बघून म्हणाले, "घर मोठं बांधलं तुम्ही. उजेड मात्र कमी वाटते." मी हसलो, पण आतून पेटलो. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी, या माणसाचे डोळे दिपवायचे, हे तिथेच ठरलं.

साळी रेखा सिंदी मेघेत राहते. चाकावर माती घडवून, भट्टीत भाजून, छताला टांगायच्या दिव्यांसाठी सिरॅमिकचे टोप करते. मी तिला सहा सांगितले, पाचाच्या भावात. काम बघायला गेलो, तर ओले टोप ओळीने मांडलेले आणि एकही दुसऱ्यासारखा नाही.

"रेखे, हे सारखे काऊन नाई?"

"हातचे आहेत भाऊजी. भट्टीतून निघाले का रंगही आपापल्या मनानं घेतात. मी फक्त बल्बच्या होल्डरचं भोक सारखं ठेवते. बाकी मातीवर सोडते."

मातीवर सोडते! असा कुठे धंदा असतो? ती चहा ठेवायला आत गेली, तसा मी खिशातून होल्डर काढला (मी नमुन्याशिवाय कुठे जात नाही) आणि भोकात घातला. तो आरपार खाली पडला. इतकं ढिलं काम! मी ओल्या मातीच्या वळ्या केल्या आणि सहाही भोकांना आतून लावल्या, होल्डर अगदी घट्ट बसेल अशा. वर बोट फिरवून ते असं गुळगुळीत केलं, की तिलाही कळलं नाही.

साक्षगंधाच्या सकाळी रेखा टोप घेऊन आली. इलेक्ट्रिशियन स्टुलावर चढला आणि तिथेच थांबला.

"भाऊ, होल्डर जात नाई."

"दाब जरा."

"एकातही जात नाई भाऊ."

मी टेप काढली. टोपच लहान! मी रेखावर कडाडलो, "माल बदलला तू. मी स्वतः मापून गेलतो."

"भाऊजी, माती वाळली, भाजली का आकसते."

"मंग आधी काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही भावाशिवाय दुसरं बोलू देता का? अन् म्हणूनच मी भोकं मोठी ठेवलती. हे लहान कोणं केले?"

सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हणालो, "भट्टीनं."

कानस घासून पाहिली, तर एका टोपाच्या काठाचा टवका उडाला. बायको म्हणाली, "राहू द्या ते. जुन्या ट्यूबलाइट लावा."

त्या मी चांगल्या भावात शेजाऱ्याला विकून बसलो होतो. त्याच्या गोठ्यात म्हशी लख्ख उजेडात रवंथ करत होत्या.

शेवटी छतावरून सहा वायरी लोंबल्या आणि त्यांना सहा उघडे बल्ब, कोंबड्यांच्या खुराड्यात असतात तसे. व्याही आले, डोळ्यांवर हात धरून बसले. विहीणबाईंना मात्र कोपऱ्यातले टोप दिसले. त्यांनी एक उलटा करून पाहिला.

"अगं बाई, कुंड्या! अन् पाणी जायले भोक किती मापाचं ठेवलं. बाजारात असं भेटतच नाई."

लेकीच्या सासूला नाही म्हणणार कसं? सहाही टोप मी स्वतः त्यांच्या गाडीत ठेवले, टवका उडालेला सुद्धा. पुढे त्यांच्या ओळखीत सगळ्यांनाच तशा कुंड्या हव्या झाल्या. रेखाचा धंदा जोरात आहे. ऑर्डर आली, की ती मला फोन करते, "भाऊजी, भोकं पाडाले येजो. ते तुमचंच काम."

मी जातो. आणि मजुरीचा विषय काढला, की ती चहा ठेवायला आत निघून जाते.