नवऱ्याच्या वहीतले प्रशिक्षक

माझ्या नवऱ्याला एका जर्मन फुटबॉल क्लबचे सगळे प्रशिक्षक पाठ होते. पहिल्यापासून आत्ताच्यापर्यंत, ओळीने.

लग्नाआधी कंपनीने त्याला काही महिने जर्मनीत ट्रेनिंगला पाठवलं होतं. त्या गावात सुट्टीच्या दिवशी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून तो मॅचला जायला लागला आणि अडकला. क्लब काही फार मोठा नव्हता. वर चढायचा, खाली घसरायचा, आणि घसरला की प्रशिक्षक बदलायचा. नवऱ्याने एक लांब वही केली होती. कोण कधी आला, किती सामने, किती जिंकले, किती बरोबरीत, किती हरले, आणि शेवटच्या रकान्यात जाण्याचं कारण. ‘काढला.’ ‘करार संपला.’ ‘स्वतःहून गेला.’ जुनी माहिती मिळवायला तो तिकडच्या अनोळखी म्हाताऱ्यांना ईमेल करायचा. युद्धाच्या काळात दोन प्रशिक्षक होते की तीन, यावर एका गृहस्थाशी त्याचा वर्षभर वाद चालला होता.

“एवढ्या वेळात अरबी शिकला असतास,” मी म्हणायचे.

“अरबी बोलायला ऑफिसात माणसं आहेत,” तो म्हणायचा. “हे लिहायला मी एकटाच आहे.”

एका शुक्रवारी सकाळी, ओमानमध्ये, अल हैलच्या आमच्या फ्लॅटमध्ये पोहे खाताना, त्याच्या हातातून चमचा पडला. मी म्हटलं, “अरे, उचल की.” तो चमच्याकडे नुसता बघत राहिला. मग त्याचा चेहरा एका बाजूने ओघळला, आणि मी मुलीला हाक मारली.

तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये गेले. पाय बराचसा परत आला, हात थोडा. बोलणं आलं नाही. समजायचं सगळं. मी टीव्हीचा आवाज कमी कर म्हटलं की करायचा. पण पाणी हवं असलं तरी “ते… ते…” करत टेबलावर डावी मूठ आपटायचा.

अल खौदला एक मल्याळी बाई वाचा-उपचार करायच्या. त्या म्हणाल्या, “ओळीने पाठ असलेलं कधीकधी वाचतं. वार, आकडे, देवाचं काही. म्हणून बघा.”

वार मंगळवारी अडकले. रामरक्षा त्याला कधीच येत नव्हती. मग एका दुपारी मी ती वही काढली आणि जरा चिडूनच पहिलं नाव वाचलं. त्याने मान वर केली. दुसरं नाव त्याने म्हटलं. तिसरंही. मग थांबलाच नाही. ती अवघड जर्मन आडनावं, जी मला वाचतानाही जमत नव्हती, त्याच्या तोंडून सरळ येत होती.

मुलगी अभ्यास टाकून धावत आली. “आई, बाबा बोलतोय!”

आम्ही दोघी रडायला लागलो. मी त्याचा हात धरून विचारलं, “आणि माझं नाव? माझं नाव काय?”

त्याने माझ्याकडे बघितलं, ओठ हलवले, आणि यादीतलं पुढचं नाव म्हटलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. आजारी माणसावर रागावू नये हे मला कळत होतं. तरी राग आला. वीस वर्षांचा संसार पुसला गेला होता आणि ते सगळे हरलेले लोक शाबूत होते.

महिन्याभराने कंपनीतून एचआरचा ओमानी मुलगा घरी आला. खजूर घेऊन आला होता. नवऱ्याशी आदराने बोलला आणि जाताना मला दारात म्हणाला, “मॅडम, रुवीच्या ऑफिसात डॉक्टर त्यांना भेटतील. ते हो म्हणाले तर हलकं काम देता येईल, इन्शाल्ला.” नाही म्हणाले तर काय, हे मी विचारलं नाही. नोकरी गेली की व्हिसा जाणार, आणि मुलगी बारावीत होती.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. यादी पाठ होते, तर मग ही यादी का नाही? नाव, जन्मतारीख, हुद्दा, किती वर्षं नोकरी. मी इंग्रजीत प्रश्न विचारायचे, तो उत्तर द्यायचा, याच क्रमाने, सकाळ-संध्याकाळ.

“आई, धिस इज चीटिंग,” मुलगी म्हणाली.

“तुझी परीक्षा इथे व्हायची आहे ना?” मी म्हटलं. ती पुस्तक उचलून आत गेली. नवऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली होती, नको म्हणून. मी ते न बघितल्यासारखं केलं.

कंपनीचे डॉक्टर वयस्कर होते, मृदू बोलणारे. त्यांनी हसून विचारलं, “आज कसे आलात?”

नवऱ्याने स्वतःचं नाव सांगितलं.

डॉक्टरांना वाटलं असावं, त्याला प्रश्न ऐकू आला नाही. “हात दुखतो का?”

त्याने जन्मतारीख सांगितली. अगदी स्वच्छ.

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. “या कोण?”

“इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. नवऱ्याला प्रश्न कळले होते. आपण काय बोललो तेही कळलं होतं. त्याचे कान लाल झाले. तो काठी घेऊन एकटाच उठला आणि दाराकडे गेला.

पुढचे दोन दिवस त्याने मला जवळ येऊ दिलं नाही. औषध मुलीच्या हातून घेतलं. वही पुढे केली तर डाव्या हाताने सरकवून टाकली.

तिसऱ्या दिवशी एचआरचा फोन आला. हलकं काम मिळणार नव्हतं, पण डॉक्टरांनी वर शब्द टाकला होता आणि मुलीची परीक्षा होईपर्यंत व्हिसा राहणार होता. मी हे त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

संध्याकाळी मी त्याला समुद्रावर नेलं. पाण्याशी काही माणसं जाळं आवरत होती. आम्ही कट्ट्यावर बसलो. मी चपलांतली वाळू झटकली. मग म्हटलं, “चुकलं माझं. तू मान हलवली होतीस, मी बघितलं होतं.”

तो समुद्राकडे बघत होता.

“राग गेला का?”

त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. गालाचा स्नायू थरथरला. मी “असू दे, असू दे” म्हणणार तेवढ्यात तो म्हणाला, “नाही.”

पाठ केलेलं नव्हतं ते. मी विचारलं होतं आणि त्याने उत्तर दिलं होतं. मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. वारा वाढला तशी मी उठले, हात पुढे केला. तो त्याने घेतला नाही. काठी टेकत उठला, आणि आम्ही गाडीपर्यंत चालत गेलो, तो पुढे आणि मी मागे.