वाढत्या अंगाचं

कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचं, हा खात्रीबाईंचा जन्माचा नेम. पहिल्या हिसक्याला कुलूप फसवतं, दुसऱ्याला आपलं मन फसवतं, तिसऱ्याला मात्र दोघांचीही टाप नाही, असं त्यांचं शास्त्र. दूधवाल्यासमोरच दूध हुंगणार, भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघणार, डॉक्टरांनी दिलेल्या गोळीकडेसुद्धा 'तू कुठली गं?' अशा नजरेने बघणार. सगळी गल्ली त्यांना खात्रीबाईच म्हणायची आणि त्यांनाही ते नाव आवडायचं.

अख्ख्या जगात त्यांच्या संशयातून सुटलेला माणूस एकच, तो म्हणजे त्यांचा नवरा, मास्तर. शाळेतले मास्तर नव्हेत, शिवणाचे. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, आणि आयुष्यभर शिवले ते पोरांचे कपडे. त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती: वाढत्या अंगाचं शिवण. मापापेक्षा दोन बोटं सैल, आत जादा कापड दुमडलेलं. पोर वाढलं की टाके उसवायचे, कपडाही वाढला! आया त्यांना दुवा देत. काजं, बटणं आणि हातशिलाई मात्र खात्रीबाईंची. एकाने माप घ्यायचं, दुसरीने काज करायचं, असा त्यांचा संसार झाला.

आता दुकान बंद झालं होतं. वरच्या मजल्यावर लेक, जावई आणि नात राहायची. नातीला चौथं लागलेलं, पायाला भोवरा बांधल्यासारखी फिरायची, म्हणून तिचं नाव भिंगरी. सकाळी जावई तिला गाडीने बालवाडीत सोडायचे. खात्रीबाई सोबत जायच्या, तिला बाईंच्या हाती द्यायच्या आणि पायी परत यायच्या. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर पोर सोडतील तर त्या खात्रीबाई कसल्या?

आतापर्यंत भिंगरी गाडीत मागे तोंड करून बसायची. ते आसन तिला पुरेना, म्हणून पुढे तोंड करायचं नवं, मोठं आसन आणलं. बसवून द्यायला दुकानातला कारागीर घरी आला. त्याने आसनावर गुडघा दाबून गाडीचा पट्टा करकचून आवळला, वरचा पट्टा मागे अडकवला आणि मग आसन दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. खात्रीबाईंना तो माणूस तिथेच आवडला.

"इंचभराहून जास्त हललं तर पुन्हा बसवायचं," तो म्हणाला. "आणि पोरीचे पट्टे असे बघायचे." त्याने भिंगरीच्या गळ्याच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न केला. "चिमटीत घडी आली, की पट्टा सैल. घडी यायलाच नको. जाड कोट काढून बसवायचं, हवं तर वरून पांघरायचा."

"रोज बघायचं?" लेकीने विचारलं.

"दर वेळी," कारागीर म्हणाला.

"अगदी बरोबर बोललात!" खात्रीबाई म्हणाल्या. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या जातीचं भेटलं होतं. त्या दिवसापासून भिंगरीला बांधायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं.

मास्तर उंबऱ्यात उभे राहून सगळं बघत होते. "लेकराला बांधायचं म्हणजे काय, पार्सल आहे का?" एवढंच पुटपुटले आणि आत गेले.

रोजचा क्रम ठरला. खात्रीबाई पट्टे लावणार, ओढणार, चिमटा काढून बघणार. घडी नाही. मग त्या दाराला कुलूप घालायला जाणार, कारण मास्तर त्याच वेळी फिरायला निघत. त्यांच्या तीन हिसक्यांच्या वेळात मास्तर खिडकीशी वाकून नातीचे लाड करणार आणि जावई काच पुसणार. मग खात्रीबाई येऊन नातीशेजारी बसणार, की निघाली गाडी.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्या मनात पाल चुकचुकली. बालवाडीपाशी पट्टा सोडवताना त्यांनी सवयीने चिमटा काढला आणि बोटांत घडी आली. चांगली जाडजूड घडी! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. निघताना घट्ट, पोहोचताना सैल. पट्टा स्वतः सैल होतो म्हणावं, तर त्यांनी घरी तो ओढओढून पाहिला, तसूभर सरकला नाही. म्हणजे माणसाचा हात होता. आणि गाडीपाशी माणसं होती किती? त्या कुलपाशी. उरले जावई.

मास्तरही तिथेच असत, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. भिंतीवरच्या घड्याळावर कुणी संशय घेतो का?

जावयांवर घ्यायला कारणही होतं. एकदा भिंगरी कुरकुरली तेव्हा ते म्हणाले होते, "जरा जास्तच घट्ट वाटतोय, नाही का आई?" बस्स! चोराच्या मनात चांदणं, खात्रीबाईंनी मनाशी म्हटलं. पोरीचं रडणं बघवत नाही आणि मला सांगायची हिंमत नाही, म्हणून हा चोरटा धंदा. त्या गाडीत बसल्या बसल्या आरशातून जावयांचे डोळे न्याहाळू लागल्या. जावई बिचारे हसायचे. त्या हसण्याने संशय तर आणखीच वाढला.

कुलूप लावून आल्याबरोबर पट्टा पुन्हा तपासावा, हे त्यांना सुचायला हवं होतं. पण एकदा केलेल्या खात्रीवर पुन्हा खात्री करणं म्हणजे स्वतःवरच अविश्वास, आणि तेवढा मात्र त्यांच्यापाशी नव्हता.

मग तो दिवस आला. कोपऱ्यावर एक कुत्रं गाडीपुढे धावलं आणि जावयांनी ब्रेक दाबला. गाडी जोरात नव्हतीच. तरी भिंगरीचा एक खांदा पट्ट्यातून सटकन निसटला, ती पुढे फेकली गेली आणि तिचं तोंड समोरच्या सीटच्या पाठीवर आपटलं. ओठ फुटला. रक्ताने फ्रॉक भरला आणि पोरीने टाहो फोडला. खात्रीबाईंनी पदर तिच्या ओठाशी धरला.

"तुम्हीच!" त्या ओरडल्या. "रोज सैल करता पट्टा! लाज नाही वाटत? पोटची पोर आहे तुमची!"

"आई, मी हात लावलेला नाही."

"मग भुतांनी लावला?"

डॉक्टर म्हणाले, ओठावर निभावलं, वेग जास्त असता तर डोक्यावर गेलं असतं. हे वाक्य खात्रीबाईंनी लेकीला जसंच्या तसं सांगितलं आणि पुढे आपलं अनुमानही जोडलं. लेक आधीच घाबरलेली. ती नवऱ्याला म्हणाली, "परवापासून तिला मी नेईन. तू नको." उद्या तिची कामावरची पाळी पहाटेची होती, म्हणून एकच दिवस आई सोबत असेल तर नेऊ दे, एवढीच सवलत. त्या दिवशी जावई खाली मान घालून एकटेच जेवले. ताट ठेवायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "आई, तुमचा संशय जगावर असतो, माहीत आहे. मला वाटलं होतं, मी घरातला."

खात्रीबाईंनी ते ताट घासायला घेतलं. पण ते वाक्य कुसळासारखं आत राहिलं. खोटं बोलणारा माणूस एवढं हळू बोलतो का?

सकाळी त्यांनी भिंगरीला बांधलं, चिमटा काढला. घडी नाही. मग दाराशी गेल्या आणि कुलूप न लावताच दाराला एकच हिसका दिला. दाराच्या काचेत मागची गाडी दिसत होती. जावई पुढे काच पुसत होते. मास्तर वाकले, नातीच्या गालाला हात लावला, तो हात खाली गेला, आसनाच्या पुढचं बटण दाबलं आणि दुसऱ्या हाताने पट्टा अलगद ओढून सैल केला. मग आत दोन बोटं घालून माप बघितलं. तेच ते. अगदी तेच, खात्रीबाईंनी हजारदा पाहिलेलं, पोरांच्या गळ्याशी घालून बघायचे ते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्या धावतच आल्या आणि त्यांनी मास्तरांचं मनगट धरलं.

"हे काय करताय?"

"काय म्हणजे? वाढत्या अंगाची पोर आहे. दोन बोटं जागा नको?" मास्तर शांतपणे म्हणाले. "तुम्ही सगळे आवळून टाकता. काल घुसमटून सुटायला धडपडली असेल, म्हणून तर लागलं तिला."

जावई फडकं हातात घेऊन तसेच उभे राहिले. खात्रीबाईंना भयंकर राग आला. नवऱ्याचा राग, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"अहो, आयुष्यभर तुम्ही कपडे वाढत्या अंगाचे शिवलेत," त्या म्हणाल्या, "पण काजं मी केली. सांगा, एक तरी काज वाढत्या अंगाचं केलं का मी?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"का नाही केलं?"

"काज सैल ठेवलं, तर..." मास्तर बोलता बोलता थांबले.

"बोला ना."

"बटण निसटतं," मास्तर म्हणाले. त्यांची नजर नातीच्या सुजलेल्या ओठावर गेली आणि तिथेच राहिली. मग तो सत्तरीचा माणूस गाडीच्या दाराला धरून खाली बसला. "मी केलं हे? अगं, मीच केलं?"

 भिंगरी म्हणाली, "आजोबा, उठा, उशीर होतोय." जावयांनी त्यांना हात देऊन उठवलं. मास्तरांनी पट्ट्याचं टोक हातात घेतलं आणि आवळला. मग चिमटीत धरून बघितला, एकदा या खांद्यावर, एकदा त्या. घडी आली नाही.

"जावईबापू," खात्रीबाई म्हणाल्या. पुढचं बोलणं त्यांना फार जड गेलं. "चुकले मी. तुम्ही घरातलेच. लेकीलाही मीच सांगेन, सगळं, जसंच्या तसं." मग त्यांनी कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. "दार नुसतं ओढून ठेवलंय, कुलूप लागलेलं नाही. जा, तुम्ही लावून या."

जावई गेले. कुलूप लागल्याचा आवाज आला. त्यांनी ते ओढून बघितलं की नाही, कोण जाणे. खात्रीबाईंचे हात शिवशिवत होते, मानही अर्धी वळली होती. पण त्या नातीशेजारी बसून राहिल्या. जावयांनी किल्ली परत दिली, ती मूठ मिटून घेतली आणि म्हणाल्या, "चला."